घाम न येणारी मुलं

एप्रिल-मेच्या दुपारी तान्हं बाळ तापतं. थर्मामीटर १०३ दाखवतो, पण सर्दी-खोकला नाही, रक्त-लघवीचे रिपोर्ट स्वच्छ. पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली निजवलं की मात्र उतरतो. असं वारंवार होत असेल, तर एक प्रश्न विचारायलाच हवा: या बाळाला घाम येतो का?

हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात घामाच्या ग्रंथी गर्भातच नीट घडत नाहीत. संसर्ग झाला की मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो. पॅरासिटामॉल ती खाली आणतं. इथे ती पातळी बदललेलीच नसते. उष्णता बाहेर पडत नाही, एवढंच. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि या मुलांकडे नेमकी तीच सोय नाही. म्हणून डोस वाढवून उपयोग होत नाही. अंग भिजवून वारा घालावा लागतो, तोही लगेच. उशीर झाला तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

घामाच्या ग्रंथी, केस आणि दात गर्भात एकाच प्रकारच्या संदेशावर वाढतात. बहुतेक रुग्णांत तो संदेश देणाऱ्या, एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकात दोष असतो. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. पण डार्विनने १८७५ मध्येच सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलं होतं: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस जवळजवळ नाहीत, उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा त्रास. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांना पुन्हा तेच.

निदान लांबतं, कारण तान्ह्या बाळाला दात नसणं आणि केस विरळ असणं कुणालाच खटकत नाही. पुढे दात येतात तेही मोजके आणि सुळ्यासारखे टोकदार. डोळ्यांभोवतीची त्वचा काळसर, सुरकुतलेली असते. भुवया नावापुरत्या, नाक बसकं. जबड्याच्या एक्स-रेत हिरडीखाली दातांचे अंकुरच दिसत नाहीत. खात्री जनुकीय तपासणीने होते.

मला सर्वांत बोलकी वाटते ती आईची तपासणी. तिच्या पाठीला आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरतात. घाम येतो तिथे पूड निळी-काळी होते. तिच्यात हा दोष असेल तर पाठीच्या कण्यापासून निघणारे कोरडे पट्टे उमटतात, कारण तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी काही पेशींत निरोगी चालू असतं, तर काहींत सदोष.

आईचं निदान आता आणखी मोलाचं झालं आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ईडीए जनुकातल्या दोषामुळे हरवलेलं, तो संदेश देणारं प्रथिन गर्भजलात सोडून पाहिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातल्या तिन्ही मुलांना घाम येऊ लागला. उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे आणि तो जन्माआधीच द्यावा लागतो. म्हणून एका मुलाला हा विकार निघाला, तर पुढच्या गरोदरपणाआधी त्याच्या आईची आणि मावश्यांची तपासणी करून घ्यावी.