लांबीखालचा पत्रा

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या लिलावात १९५४ सालच्या फेरारी ५०० मोन्डियालचा जळका, चेपलेला सांगाडा १८ लाख ७५ हजार डॉलरना गेला. बातमी वाचून अनेकांनी कपाळाला हात लावला. जुनी गाडी जितकी चकचकीत तितकी महाग, असा आपला समज. पण चकाकी कधीही आणता येते. मूळ पत्रा आणि चासीवर ठोकलेला क्रमांक एकदा गेला की गेला. (आरटीओत ‘बेरीज नऊ’ यावी म्हणून जादा पैसे मोजून घेतलेल्या नंबराशी याचा काही संबंध नाही. त्याने इंजिनाला काडीचाही फरक पडत नाही.)

वाईट डेंटिंग-पेंटिंगने किंमत पडते ती म्हणूनच. गंजलेला पत्रा बदलण्याऐवजी त्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) थापली, की वर आरसा आणि आत गंज चालूच. रंग न खरवडता हे ओळखायचं कसं? चुंबक लावून? लांबीच्या जाड थरावर तो चिकटत नाही, हे खरं. पण १९५०च्या दशकातल्या मर्सिडीझ ३०० एसएल ‘गलविंग’च्या दाराला लावून बघा, चिकटणारच नाही. तिथे लांबी असेलच असं नाही. बहुतेक गलविंगची बॉडी पोलादी असली, तरी दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं.

म्हणून रंगाची जाडी मोजणारं यंत्र दोन तऱ्हांनी काम करतं. पोलादावर त्याच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पत्र्यातून सहज वाट काढतं. मध्ये रंगाचा थर जितका जाड, तितकं ते क्षीण होतं. ॲल्युमिनियमवर मात्र फॅरेडेचा नियम कामी येतो: चुंबकीय क्षेत्र बदललं की धातूत वीज वाहू लागते. कॉइलमधल्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहामुळे पत्र्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरू लागतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि कॉइलचा विद्युतरोध बदलतो. या बदलावरून पत्रा किती दूर आहे ते कळतं. वारंवारिता जास्त ठेवायची, कारण हे प्रवाह कातडीपुरतेच राहतात: १ मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल. त्यामुळे पत्र्याची स्वतःची जाडी हिशेबात येत नाही, ही मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

आजच्या गाड्यांवर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा हजारापुढे गेला की बहुधा लांबी. जुन्या गाडीत मात्र जपून. त्या काळी पत्र्यांचे सांधे अनेक कारखान्यांत शिसं-कथलाच्या मिश्रधातूने भरत. ती चुंबकीय नसल्याने पोलादी सांध्यावर यंत्र तिलाही रंगच समजतं. सपाट मडगार्डच्या मध्यावर २,००० मायक्रॉन दिसले तर गिऱ्हाईक भाव पाडतं. तोच आकडा सांध्यावर दिसला, तर तिथलं कारखान्यातलं शिसं शाबूत आहे, अजून कुणी ग्राइंडर लावलेला नाही अशी आशा ठेवता येते.