एक पत्ता, दोन संगणक

घरात इंटरनेटचं कनेक्शन एक आणि जुने संगणक दोन असले, की पहिली शंका येते ती वेगाची: दोघांना निम्मा-निम्मा मिळणार का? खरं म्हणजे वेगाची वाटणी आपोआप होते. एक संगणक नुसता चालू पडून असेल तर तो जवळपास काहीच खर्च करत नाही, सगळी वाट दुसऱ्याला मोकळी असते. खरी अडचण असते पत्त्याची. सेवा देणारी कंपनी एका कनेक्शनला साधारणपणे एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक, देते. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, मात्र पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते लागतातच. मग आलेलं उत्तर दोघांपैकी कुणाचं, हे ठरवायचं कसं?

पत्ते असे मोजूनमापून मिळतात, कारण आयपीची, म्हणजे या पत्त्यांच्या नियमावलीची, आजही सर्रास चालणारी चौथी आवृत्ती १९८१ सालची आहे. तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी हा आकडा कधी न संपणारा वाटला असणार. नव्वदच्या दशकातच तो पुरणार नाही हे दिसू लागलं आणि मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता तोडगा मांडला: आतल्या जाळ्यात वाटेल ते पत्ते वापरा, बाहेर पडताना ते बदला. यालाच पत्ता-बदल किंवा ‘नॅट’ म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये असे घरगुती पत्ते रीतसर राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यातलेच. ते जगभर लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ताही नसतो. तात्पुरता तोडगा आज तिशी ओलांडून गेला आहे.

हा बदल करतो तो राउटर, म्हणजे घरातले संगणक इंटरनेटला जोडणारी पेटी. तो नेमकं करतो काय ते आता जवळून पाहू. समजा घरातल्या एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.१० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.११. दोन्हींवर विंडोज एक्सपी. दोघांनी एकाच संकेतस्थळाचं पान मागवलं. प्रत्येक संगणक आपल्या मागणीला एक पोर्ट क्रमांक लावतो, म्हणजे आलेलं उत्तर कोणत्या मागणीचं ते कळावं म्हणून एक टोकन नंबर. एक्सपी हे क्रमांक १०२५ पासून ओळीने देत जाते, त्यामुळे दोन्ही संगणकांनी नेमका १०४४ हाच क्रमांक उचलला असं सहज होऊ शकतं. राउटर कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनासारखा वागतो. पहिल्या मागणीवरचा आतला पत्ता खोडून तो कनेक्शनचा बाहेरचा पत्ता लिहितो, पोर्टच्या जागी समजा ६१००१ टाकतो आणि स्वतःच्या तक्त्यात नोंद करतो: ६१००१ म्हणजे १० नंबरच्या संगणकाचा १०४४. दुसऱ्या मागणीला ६१००२. पॅकेटमध्ये मजकूर शाबूत असल्याची खूण म्हणून एक बेरीज असते, तीही नव्याने मांडावी लागते. उत्तर ६१००२ वर आलं की तक्ता पाहून, उलट बदल करून ते ११ नंबरकडे रवाना. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे असे ६५ हजारांहून जास्त क्रमांक हाताशी असतात. दोन संगणकांना ते कधी कमी पडायचे नाहीत.

बराच वेळ काही हालचाल झाली नाही तर राउटर ती नोंद पुसून टाकतो. दूरच्या संगणकावर लॉग-इन करून जेवायला गेलेल्या माणसाला परत आल्यावर खिडकी गोठलेली दिसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

वेगळा राउटर घरोघरी येण्याआधी हे काम संगणकच करायचा. १९९९ सालच्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग नावाची सोय आली. मोडेम एका संगणकाला जोडायचा, त्याच्या नेटवर्क कार्डातून दुसऱ्याला केबल द्यायची. पहिला संगणक स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यायचा आणि दुसऱ्याला त्याच मालिकेतला एखादा द्यायचा. पहिला बंद केला की दुसऱ्याचं इंटरनेट गेलं. जुन्या यंत्रावर ही सोय अजून चालू राहिली असेल तर ती आधी बंद करावी, कारण अनेक राउटरही हाच पत्ता वापरतात आणि मग दोघांची हाणामारी होते. असे दोन संगणक थेट जोडायला केबलही उलटी, म्हणजे क्रॉसओव्हर लागायची. साध्या केबलने एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या बोलायच्या तारेलाच भिडते. नवीन उपकरणं हे आपलं आपण ओळखतात. जुनी कार्डं ओळखतीलच असं नाही.

राउटर असेल तर जोडणीत फारसं काही बिघडत नाही. बिघडलंच तर संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने आपलाच एक लावून घेतला आहे. अशा वेळी ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही, केबल किंवा वाय-फाय तपासावं.

आता वेगाकडे. जुनं १००-मेगाबिटचं कार्ड बहुतेक घरगुती कामांना पुरून उरतं. वाय-फायचं गणित मात्र निराळं. तिथे हवा सामाईक असते आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला ५४ मेगाबिटने ते सुमारे २२२ मायक्रोसेकंदांत जातं. १९९९ च्या मानकातल्या ११ मेगाबिटच्या कार्डाला त्यासाठी सुमारे १,०९१ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. पाळी दोघांनाही सारखीच मिळाली तरी हळू बोलणारा बराचसा वेळ खाऊन जातो आणि वेगवान संगणकही रांगेत ताटकळतो. त्यामुळे दोघांपैकी जो जास्त जुना, त्याला केबलने जोडणं उत्तम. यात दोघांचंही भलं आहे.

आणखी एक दुखणं आहे, त्याचं खापर लोक कंपनीवर फोडतात. एकाने मोठी फाइल वर चढवायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. बाहेर जाणारी वाट सेकंदाला १ मेगाबिटची आहे आणि तिच्या तोंडाशी २५६ किलोबाइटची रांग साठते असं समजा. ती रांग उपसायला दोन सेकंद लागणार. कॉलचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटाशी उभं राहतं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे पाहून रांग आटोक्यात ठेवायची पद्धत मांडली. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा तशी काही सोय दिसली तर ती चालू करून पाहावी, महागडा प्लॅन घेण्याचा विचार त्यानंतर.

एवढं करूनही जुन्या संगणकावर पानं उघडत नाहीत, अशी तक्रार राहतेच. दोष तेव्हा वाटणीत क्वचितच असतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, त्यामुळे असा संगणक चांगल्या प्रमाणपत्रालाही खोटं ठरवतो. तारीख दुरुस्त करून पाहणं हा फुकटचा उपाय. बहुतेक संगणकांत ही बॅटरी सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची असते. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररचा प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही. त्याला टीएलएस या सांकेतिक भाषेची १.० पर्यंतचीच आवृत्ती येते, आणि १.० व १.१ या दोन्ही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. हार्डवेअर झेपत असेल तर अशा यंत्रावर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

नॅटमुळे एक फायदा न मागता मिळाला. बाहेरून न बोलावता आलेल्या पॅकेटची तक्त्यात नोंदच नसते, म्हणून ते दारातच गळतं. पण दोन्ही संगणक दाराच्या आत आहेत आणि एकमेकांशी बोलताना त्यांना हा तक्ता आडवा येत नाही. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता. ज्या यंत्राला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं बंद झालं आहे, एक्सपीला त्या ८ एप्रिल २०१४ नंतर नेमाने मिळत नाहीत, त्याचं फाइल-शेअरिंग बंद ठेवावं किंवा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यात त्याला बसवावं. तिथून इंटरनेट नीट चालतं, पण दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर सहसा दिसत नाही. छपाईची फाइल मग पेनड्राइव्हवरून न्यावी लागते, आणि तो पेनड्राइव्ह आधी स्कॅन करून घ्यावा.