हँडल बदललं की गाडीत काय काय बदलतं

2015 मध्ये बजाजने ॲव्हेंजर 220 ही क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात चालवायची मोटरसायकल, दोन रूपांत बाजारात आणली. 'क्रूझ'ला उंच, चालवणाऱ्याकडे वळलेलं हँडल, स्पोकची चाकं आणि भरपूर क्रोम. 'स्ट्रीट'ला बुटकं, जवळजवळ सरळ हँडल, ॲलॉय चाकं आणि काळा रंग. इंजिन तेच, चेसिसही तीच. तरी दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवून बघा, स्वभाव वेगळे वाटतात. घरच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने-पकडी घेऊन बसणारे हौशी लोक जे करू पाहतात, तेच इथे कंपनीने चाचण्या घेऊन केलं होतं.

क्रूझर घरी सजवायला घेतली की पहिला पैसा बहुतेकदा सायलेन्सरवर जातो. माझ्या मते तो सर्वात शेवटी जायला हवा, आणि बहुतेकांच्या बाबतीत जायलाच नको. गाडीला तुमचं शरीर जिथे टेकतं त्या जागा, म्हणजे हँडल, सीट आणि फूटरेस्ट, तिथे केलेला छोटा बदल रोज जाणवतो. त्यामागचं विज्ञान कळलं तर तो बदल नीटही करता येतो.

क्रूझरवर पाय पुढे असतात. त्यामुळे खड्डा आला की गुडघ्यांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही, सगळा धक्का माकडहाडाकडे जातो. हँडल हातांपासून फार दूर असेल तर पाठीला पोक येतो आणि तोच धक्का वाकलेल्या कण्याला बसतो. फार उंच असेल तर हात वर, छाती उघडी, आणि वारा थेट अंगावर. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 वरून 90 वर गेलात की वेग दीडपट होतो, रेटा सव्वादोनपट. त्या रेट्याविरुद्ध तुम्ही हँडल धरून स्वतःला ओढत राहता आणि तासाभराने मनगटं, खांदे बोलू लागतात. क्रूझरला पुढे लावलेली काच केवळ दिखाव्याची नाही ती यामुळे. नवं हँडल घेण्याआधी सीटवर बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात सहज जिथे जातात तिथे ते धरा. कोपरात थोडा बाक राहायला हवा. मित्राला ती जागा मोजायला सांगा. दुकानात टांगलेलं हँडल देखणं आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता खरं काम. हँडल चार-पाच इंच वर गेलं की ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, ब्रेकचा होज (ऑइलची नळी) आणि स्विचच्या वायरी या सगळ्यांना तेवढी जादा लांबी लागते. सरळ उभ्या गाडीत सगळं पुरेसं वाटतं, पण हँडल पूर्ण वळवलं की केबल ताणली जाते. ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली म्हणजे न पिळताच इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढणार, तेही नेमके यू-टर्न घेताना, जेव्हा वेग कमी आणि तोल नाजूक असतो. म्हणून गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, मागचं चाक मोकळं राहू द्या आणि हँडल डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. आवाजात किंचितही चढ आला, तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. लांब केबल आणा, नाहीतर जुनं हँडल परत बसवा. आवाज स्थिर राहिला तरी टाकी आणि फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) यांच्या मध्ये एखादी वायर चिमटत नाही ना, हे टॉर्च मारून बघा.

हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्या कामात सर्वाधिक नुकसान इथेच होतं. बोल्ट आवळतो तेव्हा तो अगदी सूक्ष्म प्रमाणात लांब होतो, आणि पुन्हा आखडण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग घट्ट धरले जातात. पण आपण पान्यावर लावलेल्या बळापैकी फार थोडं या ताणाला मिळतं. ढोबळ हिशोब असा की निम्मं बळ बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातं, आणखी 40 टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि कामाला येतात ते उरलेले 10 टक्के. आता कुणी गंज लागू नये म्हणून आट्यांना ऑइल लावलं आणि मॅन्युअलमधल्या कोरड्या आट्यांच्या आकड्याइतकंच आवळलं, तर काय होईल? घर्षण घटल्यामुळे वाचलेलं बळ ताणात जातं, आणि ताण दीडपटही होऊ शकतो. ॲल्युमिनियमचे आटे तिथेच जातात. टॉर्क पाना (ठरवलेल्या बळाइतकंच आवळू देणारा पाना) घेण्यावर खर्च केलेले पैसे क्रोमच्या कुठल्याही ॲक्सेसरीपेक्षा जास्त मोलाचे आहेत. बोल्ट एकेक करून पूर्ण आवळू नका, आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, आणि क्लॅम्पच्या फटी कशा ठेवायच्या ते मॅन्युअलमध्ये बघा.

चॉपर पद्धतीची मोटरसायकल म्हटलं की लांबच लांब पुढचा फोर्क डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी जड मोटरसायकलींचे मडगार्ड कापून त्या हलक्या करायला सुरुवात केली, आणि 1960 च्या दशकात फोर्क लांबत गेले. दिसायला रुबाबदार, पण यात ट्रेल नावाची एक लांबी बदलते. फोर्कच्या वर हँडलचा जो फिरण्याचा अक्ष असतो, तो त्याच तिरक्या रेषेत खाली वाढवला तर जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलताना आपोआप मागे वळून सरळ होतं, तसंच ट्रेलमुळे पुढचं चाक स्वतःहून सरळ राहू बघतं. समजा फोर्कचा उभ्या रेषेपासून कल 30 अंश आहे आणि ट्रेल सुमारे 120 मिलिमीटर. फोर्क 10 सेंटिमीटरने लांबवला की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो, कल 33 अंशांच्या पुढे जातो आणि ट्रेल 140 च्या आसपास पोहोचतो. महामार्गावर गाडी रुळावर असल्यासारखी सरळ जाते, पण गल्लीत वळताना हँडल जड होतं आणि चाक आत कोसळल्यासारखं वाटतं. शिवाय लांब फोर्कवर ब्रेकचा वाकवणारा जोर वाढतो आणि तो चेसिसच्या मानेवर येतो. घरी वेल्डिंग करून हा प्रयोग करू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

मागे रुंद टायर टाकण्याची हौस त्या मानाने कमी घातक, पण हिशोब करावाच लागतो. ॲव्हेंजर 220 चा मागचा टायर 130/90-15. म्हणजे रुंदी 130 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के म्हणजे 117, आणि रिम 15 इंच. एकूण व्यास 615 मिलिमीटर. त्याऐवजी 140/90-15 टाकला तर व्यास 633 होतो. परिघ जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतो आणि टॉप गिअरमध्ये त्याच वेगाला आरपीएम तेवढेच खाली येतात. स्प्रॉकेटचे (चेनच्या चाकाचे) दात बदलून जे साधतं, तेच थोडं नकळत झालं. चढावर ओढ किंचित कमी जाणवेल. मागची बाजू 9 मिलिमीटर उचलली जाईल, त्याने ट्रेलमध्ये पडणारा फरक इतका थोडा की कळणारही नाही. खरा धोका जागेचा: नवा टायर चेनला, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा खड्ड्यात मडगार्डला घासतो का, ते दोघांना बसवून तपासावं.

आता सायलेन्सर. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक धमाका होतो. 1300 आरपीएमला सेकंदाला साधारण 11. सेकंदाला वीसच्या खालचे ठोके कानाला सुटे ऐकू येतात, म्हणून संथ चालणारं इंजिन 'डगडग' करतं आणि वेग वाढला की त्याची गुणगुण होते. प्रत्येक धमाक्यासोबत पाइपमधून दाबाची लाट धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला 500 मीटरच्याही वर जातो, थंड हवेत तो 340 च्या आसपास असतो. ही लाट पाइप जिथे मोकळा होतो तिथे पोहोचली की तिचं प्रतिबिंब उलट्या स्वरूपात, कमी दाबाची लाट बनून, परत येतं. ती इंजिनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी अगदी मोक्याच्या क्षणी पोहोचली, तर उरलेला जळका वायू बाहेर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. चुकीच्या क्षणी आली तर हा फायदा हातचा जातो. मीटरभर पाइपमध्ये या जाण्यायेण्याला 4 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात 3500 आरपीएमला क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) 84 अंश फिरतो, 7000 ला 168 अंश. पाइपची लांबी आणि आतले पडदे कंपनी कुठल्या वेगासाठी ठरवते, ते या अंशांवर अवलंबून असतं. आतलं सगळं काढून पाइप पोकळ केला की हे गणित मोडतं. ताकद बहुधा खालच्या आरपीएमला घटते, म्हणजे क्रूझर जिथे सर्वात जास्त चालते तिथेच. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) न बदलता असं केलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापू शकतं.

आवाजाचं म्हणाल, तर 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलीला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे. 90 डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. शेजारच्या घरातल्या तान्ह्या बाळाला आणि आजारी माणसाला हा आकडा पाठ करायची गरज नसते. पुणे आणि नागपूरच्या वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिव्यांच्या बाबतीत एकच सांगतो. 60/55 वॅटच्या (अप्पर 60, डिपर 55) हॅलोजनच्या जागी डिपरलाही 100 वॅट घेणारा बल्ब लावला की डिपरवरचा प्रवाह साडेचार अँपिअरवरून सव्वाआठवर जातो. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वातीनपट. स्विचचं प्लास्टिक वितळतं ते यानेच. रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा वेगळा स्विच) लावला तर मोठा प्रवाह स्विचमधून न जाता थेट बॅटरीकडून जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचणं मात्र टाळा. तो रिफ्लेक्टर फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. चिप दोन मिलिमीटर सरकली तरी प्रकाश विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

उंच हँडलसाठी ब्रेकचा लांब होज टाकलात की सिस्टिम उघडली जाते, त्यामुळे नवं ब्रेक ऑइल ओघाने आलंच. ते नव्या, सीलबंद बाटलीतलंच घ्या. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत घसरू शकतो. ताम्हिणीसारखा घाट उतरताना डिस्क तापली आणि ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलला टेकतं. हवा काढून झाल्यावर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. ते हळूहळू आत जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा लिव्हरपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. स्पंजासारखं लागत असेल तर आत अजून हवा आहे, पुन्हा ब्लीड करा. दोन्ही नसेल तर मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाला पुढचा ब्रेक लावून बघा, आणि मगच गाडी गेटबाहेर काढा.