दूध तोडलेल्या पिलांची हगवण: नुसतं 'ई. कोलाय' म्हणून भागत नाही

डुकराच्या पिलाला हगवण लागली, तपासणी केली आणि रिपोर्टवर फक्त 'ई. कोलाय सापडला' एवढंच आलं तर त्यावरून खरं म्हणजे काहीच कळत नाही, कारण ई. कोलाय हा जंतू धडधाकट डुकराच्या आतड्यातही असतो आणि तुमच्या-माझ्या पोटातही. विचारायला पाहिजे ते हे की या ई. कोलायकडे जीन्स कोणते आहेत?

आजारी पाडायला त्याला दोन गोष्टी लागतात, चिकटायला काहीतरी आणि मग विष. चिकटायचं काम त्याच्या अंगावरचे बारीक तंतू करतात, पिलांमध्ये मुख्य दोन प्रकार, एफ४ आणि एफ१८. हे तंतू नसले तर जंतू खाद्यासोबत वाहून जातो, आतड्याला धरून वाढू शकत नाही. यातलं एफ१८ मला फार भारी वाटतं, कारण ते ज्या साखरेच्या रेणूंना धरतं ते नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या आतड्यात जवळजवळ नसतातच, वय वाढतं तसे येतात, आणि नेमकं तेव्हाच आपण दूध तोडतो! काही डुकरांच्या एफयूटी१ नावाच्या जीनमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा फरक असतो, त्यांच्यात हे रेणू बनतच नाहीत, म्हणून एफ१८ वाला जंतू त्यांना जन्मभर धरू शकत नाही. पैदाशीसाठी अशी जनावरं निवडता येतात.

आता विष. एलटी नावाचं विष कॉलऱ्याच्या विषाचं जवळचं भावंड आहे (कॉलऱ्याचं विष सशाच्या आतड्यात दाखवून दिलं ते आपल्या कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, आणि ही गोष्ट शाळेत शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं). एलटी काय किंवा एसटीए (एसटी गटातलं दुसरं विष) काय, दोन्ही आतड्याच्या पेशींना चुकीचा निरोप देतात, पेशी क्षार बाहेर सोडतात आणि क्षारामागे पाणी जातं, पिलू आतून सुकतं आणि एक-दोन दिवसांत मरूही शकतं. एसटीएक्स२ई नावाचं विष मात्र वेगळंच, ते रक्तात जाऊन रक्तवाहिन्या खराब करतं, पापण्या सुजतात, पिलू झोकांड्या खातं, आणि कधी कधी हगवण न लागताच चांगलं वाढणारं पिलू सकाळी मेलेलं सापडतं.

हे बहुतेक जीन्स प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावर, आणि तो तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड यांनी एफ४ चा प्लाझ्मिड जंतूतून काढून टाकला तर पिलांना तो आजारी पाडेना, परत घातला तर पाडायला लागला.

याच वाटेनं औषधाला दाद न देण्याचे जीन्सही फिरतात. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा एमसीआर-१ जीन २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झाला, तो डुकरांच्या ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडवरच सापडला होता, आणि कोलिस्टिन म्हणजे माणसांसाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी एक. भारतात २०१९ पासून ते खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंदी आहे. युरोपनं तर हगवण रोखायला खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड घालणंही २०२२ मध्ये थांबवलं. म्हणून हगवण दिसली की दुकानातून अँटिबायोटिक आणून खाद्यात कालवणं मला अजिबात पटत नाही.

मोकळ्यावर डुकरीण दोन-तीन महिने हळूहळू दूध तोडते, फार्मवर आपण ३-४ आठवड्यांत एकदम तोडतो. आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण त्याच दिवशी संपतं, वर नवीन खाद्य, नवीन जागा, अनोळखी पिलांशी मारामाऱ्या. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि या पिलांना २६-२८ अंश तरी ऊब लागते, त्यामुळे हिवाळ्यात दूध तोडत असाल तर कोरडं अंथरूण आणि आडोसा आधी करा, खाद्य थोडं थोडं बदला, हगवण लागलीच तर क्षारांचं पाणी लगेच सुरू करा.

आणि नमुना औषध देण्याआधी घ्या, ताज्या हगवणीचा, नाहीतर नुकत्याच मेलेल्या पिलाच्या लहान आतड्याचा. नागपूरच्या सेमिनरी हिल्समधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की एफ४, एफ१८, एलटी, एसटी आणि एसटीएक्स२ई यांची पीसीआर (म्हणजे जीन ओळखणारी तपासणी) कुठे होईल, कारण लस घ्यायची ठरली तरी एफ४ वर बनवलेली लस एफ१८ ला अडवत नाही.