सहा आठवड्यांचा स्प्लिट एसी कोर्स: प्रवेश घेण्याआधी वाचायचं पत्रक

नाशिकमध्ये पूर्वी एसी म्हटला की बँक, हॉटेल, फार तर दवाखाना. आता इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा अशा भागांत साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटलाही एका खोलीत स्प्लिट एसी असतो, आणि मार्च उजाडला की सर्व्हिसवाला फोन उचलत नाही. मशिनं भराभर वाढली, नीट शिकलेले हात त्या मानानं वाढले नाहीत. आमचं मूळ काम दुरुस्तीचं. हा कोर्स दुकानामागच्या शेडमध्ये चालतो आणि शिकवणारे तेच कारागीर असतात, जे दुपारनंतर साइटवर जातात. काउंटरवर येणारे पालक आणि मुलं जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. पैसे भरण्याआधी शांतपणे वाचा.

कोणी यावं, कोणी येऊ नये

सगळ्यात जास्त फायदा होतो तो वायरमनचा. घराघरांत ज्याची आधीच ओळख आहे, ज्याला अर्थिंग, एमसीबी, लोड कळतो, त्याला एसीचं काम जोडून घेता येतं आणि पावसाळ्यात ते थंडावलं तरी वायरिंगमुळे हात रिकामे राहत नाहीत. दुसरे म्हणजे एखाद्या दुकानात वर्षानुवर्षं हेल्पर म्हणून शिडी धरणारे. त्यांनी बघितलेलं भरपूर असतं, पण गॅसचा दाब मोजायचा गेज हातात दिलेला नसतो. तिसरे दहावी-बारावी करून थेट येणारे. त्यांना आम्ही घेतो, पण आधी एक प्रश्न विचारतो: दोन वर्षं शिकायला घरून सवड आहे का?

असेल तर आधी आयटीआय बघा. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि सरकारी आयटीआयची फी आमच्यापेक्षा परवडणारी. त्या प्रमाणपत्रावर अप्रेंटिसशिप मिळते, भरतीच्या जाहिरातींत ते चालतं. सहा आठवड्यांचा कोर्स त्याची जागा घेऊ शकत नाही. असं सांगितल्यामुळे आमचे काही प्रवेश जातात, हे माहीत आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला उगाच घाईत ढकलण्यात अर्थ नाही.

सहा आठवड्यांत काय बसतं

फक्त स्प्लिट एसी. तो बसवणं, उतरवणं, सर्व्हिस करणं, गळती शोधणं, गॅस भरणं, आणि या सगळ्याला लागणारी वीज. फ्रीज नाही, गाडीचा एसी नाही, कोल्ड स्टोरेज नाही, मोठ्या इमारतींच्या सिस्टिम नाहीत, पीसीबीची, म्हणजे एसीतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची, दुरुस्तीही नाही. पीसीबी खराब आहे हे ओळखायला शिकवतो, ते काढून दुरुस्तीवाल्याकडे कसं द्यायचं ते सांगतो, बस. सगळं थोडं थोडं दाखवणारे कोर्स बाजारात आहेत आणि त्यांची जाहिरात आमच्यापेक्षा छान दिसते. पण गिऱ्हाइकाच्या घरी उभं राहिल्यावर ‘एकदा बघितलंय’ याला किंमत नसते. तिथे जे वीस-पंचवीस वेळा स्वतःच्या हातानं केलंय तेवढंच निभावतं.

म्हणून पहिला आठवडाभर कोणी एसीला हात लावत नाही. तांब्याची नळी कापायची आणि फ्लेअर मारायचा, म्हणजे नटात घट्ट बसावं म्हणून नळीचं तोंड भोंग्यासारखं पसरवायचं, एवढंच काम. पोरं कंटाळतात. पण नव्या फिटिंगमधल्या गळतीच्या तक्रारींत बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. कटरनं नळी कापली की आतल्या बाजूला धारेची कड उभी राहते. ती रीमरनं काढायची, आणि काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. आत गेलेला कीस शेवटी व्हॉल्व्हच्या किंवा कॉम्प्रेसरच्या मुळावर येतो. मग नट आधी ओवायचा (हे विसरून झकास फ्लेअर मारणारे प्रत्येक बॅचला निघतात, त्यांनी नळी पुन्हा कापायची), नळी डायच्या (ती धरणाऱ्या साच्याच्या) वर ठरल्याइतकीच ठेवायची आणि फ्लेअर गुळगुळीत, एकसारखा आला की नाही हे उजेडात फिरवून बघायचं. कडेला बारीक चीर किंवा ओरखडा असला तर तो टाकून द्यायचा, ‘नट आवळला की बसेल’ म्हणायचं नाही. असा नट पहिल्या दिवशी बसतोही. गॅस झिरपायला लागतो तो पुढे, आणि कळतं ऐन एप्रिलमध्ये. नट आवळायलाही टॉर्क पाना वापरतो. अंगात जोर आहे म्हणून आवळत सुटलं की फ्लेअरच चिरतो.

‘गॅस कमी झालाय’

हे वाक्य दरवर्षी उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षीचं बिल आत्ताच देऊन ठेवणं. आमच्याकडे शिकलेल्या माणसानं हे करू नये, अशी आमची सरळ अट आहे. पुष्कळदा तर गॅस पुरेसाच असतो: फिल्टर चोंदलेला असतो, कॉइलवर धुळीचा थर असतो किंवा बाहेरच्या, म्हणजे आउटडोअर युनिटचा पंखा मंद झालेला असतो. त्यामुळे गेज लावायच्या आधी काय काय तपासायचं, याची यादी पाठ करून घेतो.

गॅसही आता एकच राहिलेला नाही. जुन्या मशिनांत आर-22 सापडतो. ओझोनच्या थराला तो मारक, म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार 2030 पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद होत चालला आहे. मधल्या काळातल्या मशिनांत आर-410ए, तो आर-22 पेक्षा कितीतरी जास्त दाबावर चालतो, जुना गेज त्याला पुरत नाही. आणि आता नव्या बहुतेक मशिनांत आर-32. हा सौम्य ज्वलनशील आहे. काही मशिनांत आर-290 असतो, म्हणजे चक्क प्रोपेन, आणि तो सहज पेट घेतो. त्यामुळे वर्षानुवर्षं काम केलेल्या कारागिरालाही नव्यानं शिकावं लागतं. आर-22 च्या काळात नळीतली हवा काढायला थोडा गॅस सोडून देण्याची सर्रास रीत होती. तीच रीत आर-32 ला लावली तर बंद खोलीत जळणारा गॅस पसरतो, आणि नळीतला ओलावा आत राहतो तो राहतोच.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी कोरड्या नायट्रोजननं दाब देऊन चाचणी, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस. मग नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप, आणि तो मायक्रॉन गेजवरचा (पोकळी मोजणारा) आकडा 500 च्या खाली उतरेपर्यंत चालवायचा. पंप बंद केल्यावर काटा तिथेच थांबतो का, हेही बघायचं. मग गॅस, आणि तो वजनकाट्यावर. मशिनच्या पाटीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. लाइन नेहमीपेक्षा लांब असेल तर मीटरमागे किती वाढवायचा ते कंपनीच्या पुस्तकात असतं. ‘साठ-सत्तरचा दाब आला की बास’ हा जुन्या साध्या मशिनांचा हिशेब होता. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगानं फिरतो, तसा दाबही हलतो. नुसता काटा बघून तिथे गॅस भरता येत नाही.

थंडीतल्या बॅचला एक प्रश्न हमखास पडतो. संध्याकाळी नायट्रोजन भरून ठेवतात, सकाळी येऊन बघतात तर काटा खाली! मग अर्धा तास सांधे तपासत बसतात आणि फेस कुठेच येत नाही. नाशिकच्या डिसेंबरात रात्री पारा उतरला की नळीतला दाबही थोडा उतरतो, दुपारी पुन्हा चढतो. ही गळती नव्हे. म्हणून दाबासोबत त्या वेळचं तापमानही वहीत लिहायला लावतो.

जिवाशी खेळ नको

या कामात माणसं दगावतात, ती बहुतेक दोन कारणांनी: उंचीवरून पडून आणि विजेनं. आउटडोअर युनिट बाल्कनीच्या बाहेर ब्रॅकेटवर असतं आणि ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून माणूस तसाच बाहेर वाकतो. आमच्याकडे सेफ्टी बेल्ट आणि त्याचा हुक भक्कम ठिकाणी अडकवल्याशिवाय शेडमधल्या सात फुटी भिंतीवरही चढू देत नाही. हसू येतं, येऊ दे. सवय तिथेच लागते.

मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो. तो आधी उतरवायचा, मग मीटर लावायचा. इन्व्हर्टरच्या पीसीबीवर तर पुस्तकात दिलेली मिनिटं थांबायचंच. ब्रेझिंगच्या (ज्वाळेनं नळ्या जोडण्याच्या) आधी नळीतला गॅस काढून घ्यायचा आणि खिडक्या उघडायच्या, कारण ज्वाळेत हे गॅस विषारी धूर सोडतात. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही, कुठल्याही अडचणीत वापरायचा नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवतो, फी परत मिळत नाही.

प्रमाणपत्र आणि नोकरी

शेवटी परीक्षा असते: दोघांनी मिळून कोऱ्या भिंतीपासून चालू एसीपर्यंत. पास झाला की आमच्या दुकानाचं प्रमाणपत्र मिळतं. ते सरकारी नाही. शहरातले दुकानदार आम्हाला ओळखतात, तेवढीच त्याची किंमत. सरकारमान्य प्रमाणपत्र हवं असेल, तर एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यवसाय शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेची, मान्यता असलेल्या संस्थेचं घ्यावं लागतं. ज्यांनी काम आधीच केलंय पण कागद नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. त्याची चौकशी कुठे करायची ते आम्ही सांगू, पण तो कागद आम्ही देत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या कूलिंग आराखड्यात एक लाख टेक्निशियन प्रशिक्षित आणि प्रमाणित करायचं उद्दिष्ट ठेवलं होतं, त्यावरून या कामाला माणसं किती लागतात याचा अंदाज करा.

नोकरीची हमी देत नाही. कोणी देत असेल तर ती लेखी मागा. पहिल्या सीझनला तुम्ही दुसऱ्या कारागिराच्या हाताखालीच जाणार, आणि जायला हवंच. मार्च ते जून कामाची रेटारेटी, पावसाळा लागला की शुकशुकाट, हे गृहीत धरूनच घरखर्चाचं गणित करा. म्हणूनच आमच्या बॅचेस नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात. शिकून बाहेर पडलात की लगेच हंगाम. एप्रिल-मेमध्ये आम्ही प्रवेश घेत नाही, त्या दिवसांत शिकवणारे गच्चीवर असतात.

दुकानदारांसाठी

ज्यांचे कारागीर तयार आहेत, त्यांना सहा आठवडे सोडणं परवडत नाही. त्यांच्यासाठी तीन दिवसांचा वेगळा वर्ग आहे: फक्त आर-32 आणि इन्व्हर्टर. व्हॅक्यूम, वजनावर गॅस, इन्व्हर्टरचे एरर कोड, ज्वलनशील गॅसची काळजी. फ्लेअर मारायला इथे शिकवत नाही, पण पहिल्या सकाळी एक मारायला लावतो. त्यात वर्षानुवर्षांचे हात असलेले काही जण अडकतात. कारागीर पाठवताना सोबत तुमचा गेज आणि पंप पाठवा, तेही तपासून देऊ.

फी आणि बाकीचं

सहा आठवड्यांची फी 16,000 रुपये, दोन हप्त्यांत. नळी, गॅस, नायट्रोजन, ब्रेझिंगच्या कांड्या यातच आल्या. टूलकिट आमच्याकडून घ्यायची सक्ती नाही. पहिला हंगाम झाल्यावर काय लागतं ते कळतं, तेव्हा घेतलेली बरी. एका बॅचला आठ जण, कारण पंप चार आहेत आणि एका पंपावर दोघांपेक्षा जास्त माणसं उभी राहिली की तिसरा फक्त बघतो. पहिल्या आठवड्यात जमत नाही असं वाटलं तर वापरलेल्या तांब्याचे पैसे वळते करून बाकी परत.

आमच्याकडेच या असा आग्रह नाही. दुसरीकडे जाणार असाल तर पैसे भरण्याआधी कार्यशाळा बघायला मागा आणि भंगाराचा डबा कुठे आहे ते विचारा. ज्या जागी मुलं खरंच कामं करतात, तिथे वाया गेलेल्या नळीच्या तुकड्यांनी तो भरलेला असतो. डबा रिकामा आणि प्रोजेक्टर नवाकोरा असेल तर पुढे काय ते तुम्ही समजा.

प्रवेशाला आधार कार्ड, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि दोन फोटो आणा. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत पालक हवेत. रोज सुती कपडे आणि बंद बूट. चप्पल घालून आलेल्याला शेडमध्ये सोडत नाही. शेड बघायला रविवार सोडून कधीही या, फक्त सकाळी अकराच्या आत नको. तेव्हा दुकानातले बाकीचे कारागीर साइटवर निघायच्या गडबडीत असतात आणि तुमच्याशी धड बोलणं होणार नाही.