भुरट म्हणजे अंजन नव्हे

थारच्या गवतांवर कुठे काही छापून आलं की मी आधी फोटो बघतो. मजकूर भुरटाचा आणि फोटो अंजनाचा, हे ठरलेलं. दोन्ही सेंक्रस प्रजातीतली आणि दोन्हींच्या कणसात केसाळ गोंडे, इथवर मान्य.

अंजन तुम्हाला माहीत आहेच: बहुवर्षायू, कुरणात लावायचं, गुरांना आवडणारं. राजस्थानात त्याला धामण म्हणतात. जोधपूरच्या काजरीचा (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचा) ‘मारवाड अंजन’ हा वाण याच गवताचा. भुरट वर्षायू, बाडमेर-जैसलमेरच्या वाळूत पावसावर उगवतं आणि पावसाळा सरला की वाळतं. उंचीवरून ओळखू नका, ती पावसावर अवलंबून असते. रंगावरून तर मुळीच नको.

बघायचा तो गोंड्यातला एकच केस. अंजनाचा केस लांब, लवचिक, बुडाशी लव असलेला. त्यावर खरखर असलीच तर ती टोकाकडे झुकलेली, म्हणून बुडाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर अडत नाही. भुरटाचा केस म्हणजे ताठ काटा, आणि त्यावरची बारीक दातरी उलटी, बुडाकडे वळलेली. तेच बोट इथे अडतं. माशाच्या गळासारखं काम: आत सहज जातो, ओढला की रुततो. धोतराला, लोकरीला, उंटाच्या केसांना चिकटून बी गावोगाव फिरतं ते या उलट्या दातरीमुळेच. डोळ्यांना दिसत नसेल तर भिंग घ्या, पण ‘दोन्ही काटेरीच’ असं म्हणून मोकळे होऊ नका.

दुष्काळात खाल्लं जातं ते मुख्यतः हे काटेरी भुरटच. काट्यांच्या आवरणात एक ते तीन कणसुली, म्हणजे दाणे धरणारे कणसाचे बारीक घटक, असतात. गोंडे कांडून, पाखडून दाणे काढायचे आणि बाजरीच्या पिठात मिसळून भाकरी करायची. (भुरटाला ‘रानबाजरी’ म्हणणाऱ्यांवर मी चिडतो खरा, पण अलीकडे बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ बाजरीलाही सेंक्रसमध्येच घालतात.) आफ्रिकेच्या साहेलमध्येही, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, हेच गवत आहे. 1850 च्या दशकात तिथून गेलेले जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ यांनी काटे उपटायला चिमटा जवळ हवाच असं लिहिलं, आणि सहारातले भटके तुआरेग लोक हे बी खातात हेही नोंदवलं.

कोवळं असताना भुरटही गुरं खातात. काटे ताठरले की मात्र तोंडाला इजा होते. तेव्हा कुरणासाठी बी घेताना आधी बोट फिरवून बघा. चुकून भुरट पेरलंत, तर लोकर कातरणारा शिव्या तुम्हालाच घालेल.