श्वान परवाना

श्वान परवाना म्हणजे घरी पाळलेल्या कुत्र्याची नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या दप्तरी झालेली नोंद आणि त्यापोटी मिळणारी ठरावीक मुदतीची परवानगी. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत हा परवाना काढावा लागतो आणि तो रेबीज प्रतिबंधक लसीच्या दाखल्याशिवाय मिळत नाही. मुंबईत त्याचा आधार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम १९१-अ हा आहे. पुणे, नागपूर, ठाणे इत्यादी शहरांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कुत्र्यांवरील कर हा पालिकेला बसवता येणाऱ्या करांपैकी एक आहे. म्हणजे या व्यवस्थेचा जन्म कराच्या खात्यात झाला आणि आरोग्याची बाजू तिला नंतर चिकटली. तिच्याकडे लोक आजही ‘आणखी एक पावती’ म्हणून पाहतात, याचे मूळ बहुधा इथेच असावे.

मालकी असलेला कुत्रा आणि बेवारस कुत्रा यांत फरक करण्याची गरज मुंबईला फार पूर्वीच जाणवली होती. १८३२ च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात दंगल उसळली. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज तिच्यात अग्रभागी होता. पुढच्या काळात २००१ च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे लसीकरण, नसबंदी आणि परवाना ही मालकाची जबाबदारी ठरवली. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांकडे गेले. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी ही मूळ वाटणी टिकली आहे.

प्रत्यक्षात परवान्याचे शुल्क किरकोळ असते. अर्ज बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन भरता येतो. मालकाच्या पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि लसीचा दाखला एवढी कागदपत्रे साधारणपणे लागतात. यांतला कळीचा कागद म्हणजे लसीकरणाची पुस्तिका. लसीच्या कुपीवरचे बॅच क्रमांक आणि मुदत छापलेले लेबल सोलून डॉक्टर ते तारखेसमोर चिकटवतात, शेजारी सही-शिक्का करतात आणि पुढच्या डोसची तारीख लिहितात. लेबल नसलेल्या नुसत्या सहीला फारसा अर्थ नसतो. पहिली मात्रा सामान्यतः पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम कमी करू शकतात. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने बूस्टर आणि मग दरवर्षी एक टोचणी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. ती गोठली तरी वाया जाते.

परवान्याचा खरा उपयोग चावा घेतल्यावर कळतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि लगेच दवाखाना गाठणे हे तर करायचेच. ‘आमच्या टायगरला इंजेक्शन दिलेलं आहे’ एवढ्यावर कोणी थांबू नये. पण चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली राहिला आणि ठणठणीत असला, तर जखमी माणसाच्या लसीच्या उरलेल्या मात्रांचा निर्णय डॉक्टरांना नीट घेता येतो. त्यासाठी तो कुत्रा कोणाचा, कुठे राहतो, शेवटची लस कधी झाली हे कळले पाहिजे, आणि ते नोंदवहीतूनच कळू शकते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जी धास्ती जुन्या पिढीच्या मनात आहे, ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेल्या सेम्पल लसीची. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला; आताची इंजेक्शने दंडावर देतात.

मात्र परवानाधारक कुत्र्यांनी शहर सुरक्षित होत नाही. रेबीजची साखळी तोडायला एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना लस मिळायला हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे आणि आपल्याकडे बहुतांश कुत्री रस्त्यावरची. शेजारच्या गोव्याने हेच हेरून, परवान्याची वाट न पाहता, राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त मोहिमेत पाळीव-भटके असा भेद न करता लस टोचली. पथके जाळी टाकून कुत्री धरत, टोचून अंगावर रंगाची खूण करत आणि जागेची नोंद मोबाइलवर घेत. सोबत शाळांमधून मुलांना धडे दिले गेले. तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नाही, असे गोवा सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या भांडणात परवान्याला वेगळेच वजन येते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही. तरीही लिफ्टमधला वाद चिटणीसांपर्यंत गेला की आधी परवाना आणि लसीची पुस्तिका मागितली जाते. इतके दिवस कपाटात पडलेला कागद त्या दिवशी शोधावा लागतो, आणि पुष्कळदा त्याची मुदत संपलेली निघते.